मामांच्या बंदुकीची दुर्बीण

मार्गशीर्षातलं कोवळं ऊन सकाळी साडेनऊच्या सुमाराला औंढ्याच्या बाजारगल्लीतून माझ्या दुकानात शिरतं आणि काचेच्या कपाटातल्या चष्म्यांतून गाळलं जाऊन समोरच्या भिंतीवर उजेडाची लहान लहान वर्तुळं टाकतं. नागनाथाच्या वाटेवरून बेलपानांचा, ओल्या झेंडूचा आणि कापराचा मिसळलेला गंध येत असतो, यात्रेकरूंच्या गाड्या उभ्या राहत असतात, आणि पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंतचा तो अर्धा तास मी काहीही न करता बसून राहतो. तीस वर्षं इतरांच्या डोळ्यांत डोकावण्याचा व्यवसाय केल्यावर माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी नुसतं पाहत बसण्याची चैन परवडू लागते. त्या अर्ध्या तासात मला कुणी बोललेलं आवडत नाही, हे गल्लीत सर्वांना ठाऊक आहे.

मामांना ते ठाऊक नव्हतं, किंवा असलं तरी त्यांनी कधी जुमानलं नसतं. शिरड शहापूरहून पहिल्या गाडीनं ते आले, खुर्चीत बसले, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून बंदुकीचा परवाना आणि रानडुकरं मारण्याची वनखात्याची परवानगी असे दोन कागद काढून त्यांनी माझ्यासमोर पसरले.

"भाचेराव, बंदुकीला दुर्बीण बसवायची हाय. काचंतलं तुला कळतं. चल, निवडून दे."

मामा माझ्या आईचे धाकटे भाऊ, वय सत्तरीच्या पुढचं. पीकसंरक्षणासाठी मिळालेली ती जुनी बंदूक त्यांच्याकडे वडिलांकडून आली, आणि तिच्याबरोबर वडिलांचा एक दंडकही आला. गोळी भरण्याआधी बांधावर उभं राहून तीनदा ओरडायचं, "कोन हाय रे शेतात?" आणि मगच पुढचं पाऊल उचलायचं. आमच्याकडच्या रानात पहाटेपासून माणूस कुठंही वाकलेला असतो, कुणी पाण्याच्या पाळीला, कुणी गवताला, म्हणून ही रीत. अर्थात तिसरी हाक पुरी होईस्तोवर डुकरं पार पसार झालेली असत, आणि मामांची बंदूक तोंडानंच वाजते, अशी गावात थट्टा चाले. तेही त्या थट्टेत सामील होत. यंदा मात्र डुकरांनी गावच्या अर्ध्या शिवाराची नासधूस केली होती, आणि पारावरच्या हसण्याला धार आली होती. लांबूनच, एका शब्दाचा आवाज न करता, काम उरकायचं असं मामांनी मनाशी ठरवलं होतं.

दोन दिवसांनी मामा बंदूक घेऊन आले आणि आम्ही दोघं नांदेडच्या बंदुकांच्या एका जुन्या दुकानात गेलो. दुकानदारानं गाद्यांसारख्या मऊ खोक्यांतून तीन दुर्बिणी काढून ठेवल्या. काच हा माझा प्रांत असल्यानं मला त्यांच्यात मनापासून गोडी वाटली, हे कबूल केलं पाहिजे. चारपट दाखवणारी लहान दुर्बीण मी आधी उचलली. शेतासाठी तीच योग्य होती. जितकं मोठं दाखवावं तितकं थोडं दिसतं, हा भिंगाचा साधा धर्म आहे. नऊपट मोठं झालेलं डुक्कर डोळ्यांत भरतं खरं, पण त्याच्या उजव्या-डाव्या बाजूचं सगळं रान त्या वर्तुळाबाहेर पडतं. मोठ्या तोंडाच्या दुर्बिणीतून प्रकाश अधिक येतो, पण सत्तरीतल्या माणसाची बाहुली तेवढी उघडतच नाही, तेव्हा तो प्रकाश वायाच जातो. हे सारं मी दुकानदाराला काहीशा ऐटीतच समजावून सांगितलं.

मामांनी ती लहान दुर्बीण उजव्या डोळ्याला लावली आणि रस्त्यापलीकडच्या पाटीकडे रोखली.

"धुकं हाय हिच्यात," ते म्हणाले.

दुकानदारानं काच पुसून दिली. तरी धुकं होतं. त्यानं दुसरी दिली, तिच्यातही होतं. मामा दारातल्या उजेडाकडे तोंड करून उभे होते आणि मी त्यांच्या शेजारी. दुर्बीण खाली घेताना त्यांचा उजवा डोळा क्षणभर माझ्यासमोर आला, आणि बाहुलीच्या मध्यभागी मला ती पिवळसर, दुधट झाक दिसली, जी मी रोज चार-पाच माणसांत पाहतो आणि फारसा विचार न करता चिठ्ठीवर लिहून टाकतो. मोतीबिंदू. चांगला पिकलेला. डाव्यातही होता, जरा कोवळा.

चष्मा म्हणजे बसून खाणाऱ्यांचा दागिना, असं म्हणणारे मामा. माझ्या खुर्चीत शंभरदा बसले असतील, पण तपासून घ्यायला एकदाही नाही. मीही कधी आग्रह केला नव्हता. परक्या माणसाच्या देखत त्यांना कसं सांगायचं, असा विचार मी केला. निदान असाच विचार केला असं मी नंतर स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे मला भीती वाटली. ज्यांचा हात धरून मी लहानपणी अख्खं शिवार हिंडलो, त्यांचा तो ताठ कणा माझ्या एका शब्दानं वाकलेला मला पाहवला नसता. म्हणून मी नऊपटीची, सगळ्यांत मोठ्या तोंडाची दुर्बीण उचलली, आणि डोळ्याजवळचं कडं फिरवत राहिलो, फिरवत राहिलो, ते "आता दिसून राहिलं" म्हणेपर्यंत. घटकाभरापूर्वी मी जे जे चूक ठरवलं होतं, ते सारं त्या एका काचेत होतं. दुकानदार माझ्याकडे पाहत होता, पण विक्री होत असताना बोलण्याची त्याची पद्धत नसावी. त्यानं दुर्बीण बसवली, नळीशी तिची रेघ जुळवून दिली, आणि आम्ही परतलो.

त्या रात्री मी शिरडलाच राहिलो. सकाळी सूर्य कासराभर वर आल्यावर आम्ही हरभऱ्याच्या बांधावर जाऊन बसलो. रानावर पातळ धुईचा थर होता, आणि त्यातून ऊन इतकं मंद येत होतं की सावल्याही धड पडल्या नव्हत्या. मामांनी गोळी भरली. हाक दिली नाही. अंदाजे दोनशे पावलांवर, शेजारच्या शेतात, एक काळी पाठ खाली-वर होत हळूहळू सरकत होती.

मामांनी दुर्बिणीला डोळा लावला. त्यांचा श्वास संथ झाला. मीही पाहत होतो, आणि मला ते डुक्कर आहे की आणखी काही हे मुळीच ठरवता येत नव्हतं. मला ठाऊक होतं ते एवढंच, की ज्या डोळ्यानं मामा ते ठरवत होते त्यात काय आहे. त्यांचं बोट आत वळलं, आणि आयुष्यात कधी चढा आवाज न केलेला मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "कोन हाय रे शेतात?"

काळी पाठ सरळ झाली. घोंगडीची खोळ मागं पडली.

"मी हाय की, गया!" शेजारच्या शेताची मालकीण कमरेवर हात ठेवून ओरडत होती. "काहून वरडून राहिले एवढं? भाजी खुडून राहिले मी!"

मामांनी बंदूक मांडीवर घेतली. खटका मागं ओढून गोळी बाहेर काढली, ती सदऱ्याच्या खिशात ठेवली, आणि खिशावर हात तसाच दाबून धरला. 

"तुला दिसली व्हती का रे ती?"

"न्हाई मामा. तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू हाय, ते म्हाईत व्हतं."

"कवापासून?"

"नांदेडपासून."

त्यांनी मान हलवली. ते रागावले असते तर मला सोसलं असतं. रागावले नाहीत.

एवढ्यात गयाबाई पिकाच्या ओळींमधून चालत आमच्यापर्यंत आली. पदराच्या ओच्यात खुडलेले हरभऱ्याचे कोवळे शेंडे होते. "शहरात अशी ताजी भेटत न्हाई, न्या सूनबाईला," असं म्हणत तिनं माझ्या उपरण्यात ती सगळी भाजी रिकामी केली, तळाशी चिकटलेली चार पानंही झाडून टाकली, आणि डुकरांना शिव्या देत, यंदा दुर्बीण आणली ते बरं केलं म्हणत उभी राहिली. मी दोन्ही हातांनी उपरणं धरून होतो.

मामा तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. हातभर अंतरावरून, डोळे बारीक करून, ती बोलायची थांबली तरी पाहत होते.

पुढच्याच महिन्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि आता ते वर्तमानपत्र वाचतात. पण त्या सकाळी, इतक्या जवळून, त्यांना गयाबाईचा चेहरा दिसत होता की नाही, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.