गाळलेलं वाक्य

चूक माझी होती, हे आधी लिहून टाकतो. सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुरतजवळ कडोदऱ्याच्या कारखान्यात लूमसमोर उभा होतो. ती माझ्या धाकट्या भावाची, रवीची बायको. डेंग्यूचं निमित्त झालं. फोन खिशात ठेवताना पहिला विचार आला, आता हे कोणालाच कळणार नाही... त्या सुटकेची मला अजून लाज वाटते.

लग्न होऊन ती खानदेशातल्या पारोळ्याकडून सुरतेत नवागामला आमच्या घरी आली, तेव्हा तिला फक्त अहिराणी येत होती. मी तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर. आमच्याकडे जेठासमोर भावजय पदर सरकू देत नाही, उलट विचारणं तर दूरच. तरी दवाखान्यात तिच्यासोबत मीच गेलो, कारण घरात गुजराती मलाच नीट येतं. एवढ्यात मूल नको, असं रवीनं आणि मी परस्पर ठरवलं होतं. नर्सबाईंनी दंडात बसवायची बारीक काडी दाखवली, ती असेपर्यंत दिवस राहत नाहीत हे समजावलं आणि म्हणाल्या, "जोइए त्यारे कढावी शकाय." हवी तेव्हा काढून घेता येते.

"दादा, ती काय म्हनस?" सुनंदानं खाली बघत विचारलं.

"तुन्हा आंगमा रगत कमी शे. त्यानी दवा शे," मी म्हणालो. आणि नर्सबाईंना सांगितलं, "हा बेन, समजी गयां." तिला समजलं, असं सांगून काडी बसवून घेतली.

मग आईचे टोमणे सुरू झाले. शेजारणींसमोर ती म्हणायची, "झाड शे, फळ नई." एकदा सुनंदा हसून म्हणाली, "आत्याबाई, झाडले पानी तं टाका आधी!" सगळ्या खळखळून हसल्या. ती मात्र आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. उपवास, नवस, सगळं तिनं केलं. मी आणि रवी समोर बसून भाकरी खात होतो.

साड्यांना टिकल्या चिकटवताना शेजारणींकडून ती गुजराती शिकली. एक दिवस पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "दादा, काढता येस, असं ती बाईनी सांगं व्हतं ना?"

"आठवत नई."

"माले आठवस." आणि तिनं नर्सबाईंचं ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. तेव्हा अर्थ कळला नव्हता, पण आवाज तिनं जपून ठेवला होता... शेजारणीला घेऊन तिनं काडी काढून घेतली. घरात मात्र कोणाला बोलली नाही. मला वाचवायला, की कोण विश्वास ठेवणार म्हणून, ते मी कधी विचारलं नाही. काही महिन्यांतच ती तापानं गेली.

काडीला मी दोष देत नाही. नीट सांगितलं असतं तर कदाचित तिनं स्वतःच मागून घेतली असती. पण बाहेरून दिसत नाही अशी ती वस्तू एकीच्या अंगात दुसऱ्याच्या होकारानं बसू शकते, हे मी करून बसलो आहे.

तेराव्याला तिची आई आली होती. बायकांत बसून माझी आई हळहळली, "गुणी व्हती पोर, पन वांझच गयी." त्या माउलीनं मान आणखी खाली घातली, जणू गुन्हा तिचाच. मी पुरुषांतून उठलो आणि सगळ्यांसमोर तिच्या पायांशी बसलो.

"मावशी, तुमनी पोर वांझ नव्हती. मी तिले खोटं सांगीसन दंडमा काडी बसाडी. मी गप ऱ्हायनू, आनि बोल तिनी खादात. मनी चूक शे. माले माफ करा."