घोंगड्याबाहेरचा माणूस

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवळात एकटा असताना देवालाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळलेलं नाही. तुमची माझी ओळख नाही, म्हणून असेल.

आटपाडीत माझं दुकान आहे. पाण्याच्या मोटारी जळल्या की मी आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळून त्या भरून देतो. तोंडाचा मी पहिल्यापासून मोठा. माझा आवाज माईकशिवाय पोचतो असं लोक म्हणतात, आणि मलाही ते ऐकायला आवडतं. पण ही गोष्ट माझी नाही, हौसाक्काची आहे — बघा, लगेच पळवाट शोधली. गोष्ट माझीच आहे.

हौसाक्का म्हणजे आमच्या वाडीतली, मेंढरांमागं अर्धं आयुष्य काढलेली बाई. कालव्याचं पाणी वरच्या गावांना मिळायचं आणि शेवटच्या आमच्या वाडीपर्यंत येताना संपायचं, तेव्हा पाटबंधाऱ्याच्या कचेरीसमोर धरणं धरायचं तिनंच ठरवलं. आमच्यात भांडण मिटवायला घोंगडं अंथरतात. त्यावर बसताना काठी आणि पायताण बाहेर ठेवायचं, आणि एकदा बसलं की कुणावर हात उचलायचा नाही. आक्कानं ते घोंगडं सरळ कचेरीच्या फाटकासमोर अंथरलं. घरातला रिवाज उचलून रस्त्यावर आणायचा — केवढं धाडस म्हणावं! मी बाकीची आंदोलनं पाहिलीत. टायर जळतात, काचा फुटतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळे काचांचंच बोलतात, पाण्याचं कुणी बोलत नाही. आक्काला हे आमच्या आधी कळलं होतं.

त्या दुपारी साहेबांची जीप बाहेर निघाली. आक्का हात जोडून पुढं झाली. साहेबांनी काच वर केली. एवढंच. शिवी नाही, धक्का नाही — नुसती काच वर गेली. मी पाय मोकळे करायला घोंगड्यावरून उठून मागं मुरमाच्या ढिगाजवळ उभा होतो. शेजारी तानाजी. आमच्याच वाडीतला, तापट म्हणून बदनाम. आणि माझ्या हातात दगड कसा आला? खोटं कशाला बोलू — मी वाकून उचलला. हातात नीट बसेल असा बघून उचलला.

तानाजीनं मला अडवायला हात वर केला. तोवर दगड सुटला होता. जीप निघून गेली आणि दगड लागला फाटकावरच्या पोलिसाला. पलूसकडचा होता, नुकताच नोकरीला लागलेला. सकाळी त्यानंच आमच्या बायांना कचेरीतला नळ उघडून दिला होता. भुवईवरून रक्त आलं. लोकांनी वळून पाहिलं, तर हात वर होता तानाजीचा. माझा खाली आला होता.

आक्का धावली. पदर त्याच्या कपाळावर दाबून म्हणाली, "लय लागलं का रं बाळा?" पोलीस लाठ्या घेऊन आले, तर त्यांच्यापुढं उभी राहिली. "दगड आमच्यातनं आलाय. तवा तो माझाच. मला न्या."

नेलं तिला. संध्याकाळी सोडलं, तशी येऊन तिनं घोंगडं गुंडाळलं. "आता ह्ये अंथरायचं न्हाई. कुणी मारला ते मी इचारणार न्हाई. ज्यानं मारला त्यानं आपल्या पायानं यावं आन् सांगावं."

कोण गेलं? कुणीच नाही. त्या हंगामात पाणी आलं नाही, आणि डाळिंबं झाडावरच वाळली.

वाडीनं मात्र ठरवून टाकलं. तानाजीला कुणी विचारलंसुद्धा नाही. वर्षभर वाट बघूनही कुणी आलं नाही, आणि पाण्यावाचून वाडीचं भागेना, म्हणून आक्कानं घोंगडं पुन्हा अंथरलं, तेव्हा "याला वर बसू द्यायचं नाही" असं सगळ्यात मोठ्यानं कोण ओरडलं असेल? मीच.

मला वाटलं, आता हा माझं नाव घेणार. त्यानं चप्पल काढली आणि घोंगड्याच्या कडेला मातीत बसला. रोज आला, रोज तिथंच बसला. एकदा त्याला एकटा गाठून मी विचारलं, "का बोलत न्हाईस रं?"

"आक्कानं सांगितलंय गड्या," तो म्हणाला, "ज्यानं त्यानं आपल्या पायानं जायचं. तुला ढकलत नेलं, तर ती बी मारामारीच की."

आणि आम्ही याला तापट म्हणत होतो! इतका थोर माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. त्याच्याकडं बघायची मला अजून लाज वाटते.

शेवटी पाणी आलं. एकही काच न फुटता आलं. आक्का गेल्या साली गेली. जाण्याआधी तिनं मला बोलावून घेतलं आणि घोंगडं माझ्या हातात दिलं. "तुझा आवाज पोचतोय. तू अंथरत जा." खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा तरी सांगता आलं असतं की नाही? मी घोंगडं घेतलं आणि घरी आलो.

यंदा पाणी पुन्हा अडलंय. आज सकाळी मीच फाटकासमोर घोंगडं अंथरलं. नव्या पोरांना बजावलं — काठी बाहेर, पायताण बाहेर, हात उचलायचा नाही. सगळे मान डोलावत होते. तानाजी आला. चप्पल काढली आणि कडेला मातीत बसला.

मी मधोमध बसलो होतो. दगड माझा होता.