फुटबॉल हा केवळ छंद

ऐंशीच्या सुमाराला कोल्हापूरच्या स्टेशनात तुम्ही सगळे मला पोचवायला आला होता. आपल्या तालमीच्या टीमची अख्खी फॉरवर्ड लाइन. गाडी सुटायला दहा मिनिटं होती, तेवढ्यात आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला ट्रंक उघडायला लावली. स्वेटरखाली लपवलेले माझे फुटबॉलचे बूट काढून त्यांनी फलाटावर ठेवले. "हे कशाला? तिकडं नोकरीला चाललाईस, का बॉल लाथाडाय?" तुम्ही खाली बघत उभे राहिलात. मीही. डाव्या बाजूनं तीन-तीन जणांना चकवून आत घुसणारा हा गडी बापापुढं एक शब्द बोलला नाही.

तेव्हा तिथं होता ते तुम्ही, आणि नंतर माझ्यासारखे गाव सोडून पांगलेले तुम्ही, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. माझी फजिती दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी.

मी आलो इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सला. हे गाव आधी कागदावर आखलं आणि मग बांधलं. दर दोन मिनिटांनी राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, आणि पायी चालणारा माणूस दिसला की लोकांना वाटतं याची गाडी बंद पडली. फुटबॉलच्या देशात आलो आणि बॉलला पाय लावला नाही. शनिवारी टीव्हीवर मॅच बघायची आणि सोमवारी ऑफिसात अक्कल पाजळायची, एवढाच माझा फुटबॉल उरला.

आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या मंडळींचं तर विचारूच नका. गणपतीला जमायचं आणि प्रसाद तोंडात असतानाच एकमेकांच्या पोरांचे ए-लेव्हलचे, म्हणजे इथल्या बारावीचे, ग्रेड काढायचे. रीडिंग गावचे कर्णिक मुलाच्या केंब्रिजबद्दल असे बोलायचे, जणू ती युनिव्हर्सिटी त्यांच्याच आजोबांनी बांधून दिली होती. मी मनातल्या मनात नाक मुरडायचो आणि घरी येऊन केतकीला अभ्यासाला बसवायचो. म्हणजे मीही त्यातलाच.

केतकी ही आमची मुलगी, इथंच जन्मलेली. डाव्या पायाची, माझ्यासारखी. अकरा वर्षांची झाल्यावर तिला मुलांच्या टीममधून काढलं, त्यापुढं मुलामुलींनी एकत्र खेळायचं नाही असा नियमच. शाळेतल्या तिच्या पीईच्या, म्हणजे खेळाच्या, टीचरनं मला समजावलं, की मुलींना नेटबॉल शोभून दिसतो. फुटबॉल आम्हीच जगाला दिला म्हणून मिरवणारा हा देश, आणि त्याला एका पोरीच्या डाव्या पायाची भीती! पण मी तरी काय केलं? मान डोलावली आणि बाहेर आलो. लांबच्या गावातली मुलींची टीम केतकीनं स्वतः शोधली आणि दर रविवारी तिला गाडीनं नेलं ते सुनीतानं, माझ्या बायकोनं. मी घरी पेपर वाचायचो.

सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे अकरावी-बारावीला, असताना केतकीला कळलं, की अमेरिकेतली कॉलेजं फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना स्कॉलरशिप देतात. कॉलेजच्या कोचला मॅचची व्हिडिओ टेप आणि एक पत्र पाठवायचं. टेप तिच्या क्लबनं करून दिली. पत्राचं ती मला म्हणाली, "बाबा, तुझा इंग्लिश एकदम फॉर्मल आहे. तू लिही ना."

लिहिलं. सुरुवात माझ्या बी.ई.पासून. मग सुनीताची एम.एस्सी., मग पाटबंधारे खात्यात एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर असलेले मामा. केतकीची उंची, स्वभाव मनमिळाऊ. सोबत गणपतीत नऊवारी नेसून काढलेला फोटो. आणि शेवटी, सगळ्यात विचार करून लिहिलेलं वाक्य: 'फुटबॉल हा केतकीचा केवळ छंद आहे. त्यापायी अभ्यासाकडे दुर्लक्ष होणार नाही, याची मी वडील या नात्याने हमी देतो.' ही हमी मी फुटबॉलच्या कोचला देत होतो! एकाला नाही, नऊ जणांना.

आठजणांनी उत्तरच दिलं नाही. नववी एक बाई होती. तिनं लिहिलं, टेप आवडली, पण जिला फुटबॉल हा केवळ छंद वाटतो तिला मी जागा देऊ शकत नाही. अभ्यासासाठी शुभेच्छा.

केतकीनं माझ्या पत्राची कॉपी मागून घेतली. "बाबा, she's a football coach! तू माझा लग्न जमवत होता का?" मी हसायचा प्रयत्न केला. ती रडत होती. "It's not a hobby. तू एकदा तरी मॅचला आला असता, तर तुला कळला असता." इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आबांनी निदान तोंडावर सांगितलं होतं. मी तेच टाय लावून, टाइप करून, सहीनिशी पाठवलं होतं.

त्याच बाईला मग तिनं स्वतः पत्र लिहिलं. डावा पाय, लेफ्ट विंग, आठवड्यातून चार दिवस सराव. शेवटची ओळ अशी: 'आधीचं पत्र माझ्या वडिलांनी लिहिलं होतं. त्यांनी माझी एकही मॅच पाहिलेली नाही.' ते पाकीट पोस्टात टाकायला मीच गेलो. पुढच्या रविवारी गाडीही मीच चालवली.

बाईंचं बोलावणं आलं, स्कॉलरशिपसकट. "फुटबॉल शिकायला अमेरिकेला?" कर्णिकांनी भुवया उंचावून विचारलं. "खेळायला," मी म्हणालो.

हीथ्रोला केतकीची बॅग जड भरली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, काहीतरी कमी करा. सुनीता म्हणाली, "अहो, ते बूट काढा. तिकडं नवे मिळतील. लाडू राहू देत." मी वाकलो. बूट हाताला लागले, खालच्या खिळ्यांना अजून माती होती. मग लाडवांचा डबा बाहेर काढला आणि बॅगेची चेन लावली. केतकी माझ्याकडे बघत राहिली.

लाडू आम्ही दोघांनी कार पार्कमध्ये गाडीत बसून खाल्ले. घर कुठं, असं इथं कुणी विचारलं तर मी मिल्टन कीन्सचा पत्ता सांगतो. तो खोटा नाही. पण आबा जाऊन आता सहा वर्षं झाली आणि एक गोष्ट मी त्यांना कधीच विचारली नाही. गाडी सुटल्यावर माझ्या बुटांचं त्यांनी काय केलं? तुम्ही फलाटावर होता. कुणाला आठवत असेल तर कळवा.