बायकोला उचलून नेणारा नायक

माझी मुलगी इंग्रजीत एम.ए. करते. परीक्षेचं उत्तर ती आधी मला मराठीत सांगते आणि मग इंग्रजीत लिहायला बसते. मला सांगताना अडली की तिला कळतं, आपल्यालाच नीट समजलेलं नाही. मी चौथीपर्यंत शिकले. पण भाजी निवडताना मी मधेच विचारते, "तिचे माहेरचे कुठे होते तेव्हा?" किंवा "मग घरात रांधत कोण होतं?" असल्या प्रश्नांची उत्तरं तिच्या गाइडात नसतात.

या वर्षी तिला अमेरिकेतली एक फार जुनी कादंबरी आहे. बर्फाच्या मुलखातला एक शेतकरी. त्याची बायको शहरातून आलेली. नदीपलीकडे तिची बहीण बाळंत होणार असते, हिला तिच्याकडे जायचं असतं. नवऱ्याला ते नको असतं. तो भांडत नाही, मारत नाही. फक्त तिचे बूट धान्याच्या कोठीत लपवून ठेवतो. ती पायांना गोणपाट गुंडाळून निघते. बर्फात तिच्या पायांची बोटं झडतात आणि ती जन्माची अधू होते. पुढे अर्धं पुस्तकभर तो तिला दर रविवारी दोन्ही हातांवर उचलून चर्चमध्ये नेतो आणि गावातली माणसं डोळे पुसतात.

हे ऐकलं तेव्हा माझ्या हातातली मेथी तशीच राहिली.

मुलगी म्हणाली, "गाइडात लिहिलंय, तो थोर मनाचा नायक आहे. प्रेम आणि प्रायश्चित्त ही थीम."

"आणि ती?"

"ती दुबळं पात्र. मातीचं प्रतीक."

"मातीला बोटं असतात का?" मी म्हटलं. ती हसली, मला हसू आलं नाही. पाय मोडणारा तोच, आणि उचलतो म्हणून पाया पडायचं तेही त्याच्याच. मला अन्नावरची वासना उडाल्यासारखं झालं.

त्याच महिन्यात माझ्या नणंदेने स्थळ आणलं. मुलगा वणीकडच्या एका कॉलेजात इंग्रजीचा प्राध्यापक, नोकरी कायम. आमची पंचवटीत पिठाची गिरणी आहे, वरच आम्ही राहतो. ह्यांच्या घराण्यात प्राध्यापक जावई आजवर आला नव्हता. बघायला येणार त्या दिवशी ह्यांनी गिरणी बंद ठेवली आणि कानातलं पीठसुद्धा काडीने काढून घेतलं.

मुलगा आईला आणि मामाला घेऊन आला. गल्लीत रिक्षा शिरत नाही, म्हणून कोपऱ्यापासून चालत आले. मी पोहे दिले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मामाने मुलीला विचारलं, "काय वाचता सध्या?" तिने त्याच कादंबरीचं नाव घेतलं. मुलाने बशी खाली ठेवली.

"मी शिकवतो ती! सांगा बरं, नायकाचं कॅरेक्टर कसं मांडाल?"

मुलगी म्हणाली, "त्याने बूट लपवले."

तो मोठ्याने हसला. "तो प्लॉट झाला. मी कॅरेक्टर विचारतोय."

"कॅरेक्टरच सांगतेय."

मामा म्हणाला, "तोंडी परीक्षा चाललीय हो!" हेही हसले. नणंद माझ्या कानाशी लागली, "वहिनी, पोरीला डोळ्याने खुणवा, फार बोलतेय."

मग तो समजावायला लागला. चमचा हवेत फिरवत, घास तोंडात तसाच ठेवून. "हे बघ, वरवर वाचू नकोस." पोहे संपायच्या आत 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. "तिला जाऊ दिलं असतं तर ती मेलीच असती. त्याला ते कळत होतं, तिला नव्हतं. उचलून नेण्याचा तो प्रसंग बघ, किती उदात्त आहे. वर्गात वाचताना मुलींच्या डोळ्यांत पाणी येतं."

त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात हळद लागली होती. मला त्या हळदीकडे बघवेना.

मी चहा घेऊन बाहेर गेले. त्याच्या आईपुढे ट्रे धरला. बाई माझ्याच वयाच्या, घरात आल्यापासून एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्यांनी हात पुढे केला. कपाच्या कानात बोट गेलं सुद्धा. तेवढ्यात तो बोलणं न थांबवता म्हणाला, "आईला नको, आई चहा घेत नाही," आणि पुन्हा कादंबरीकडे वळला.

बोट निघालं. हात मांडीवर गेला. बाई माझ्याकडे बघून हसल्या, आपलंच काही चुकल्यासारख्या.

कुणाचा दुखण्यापायी चहा बंद असेल, नाही असं नाही. पण ती बोलण्याची तऱ्हा आणि तो परत गेलेला हात! गाइडातलं सगळं थोर मन मला तिथे आमच्या खोलीत बसलेलं दिसलं, पोहे खाताना.

संध्याकाळी नणंदेचा फोन आला. ह्यांनी स्पीकर लावला.

"त्यांना पसंत आहे हो! मुलगा म्हणाला, बुद्धी आहे, फक्त वळण लावावं लागेल. ते मी लावीन म्हणाला. बघा, किती समजूतदार!"

हे मुलीकडे बघून हसले. मुलीने बापाचा चेहरा पाहिला. इतका उजळलेला चेहरा तिने दहावीच्या निकालानंतर पाहिला नसेल. ती खाली बघत म्हणाली, "पप्पा, तुमची इच्छा असेल तर…"

हीच मला भीती होती. ती वर्गात भांडेल, पाहुण्यांशी वाद घालेल, पण बापाला आनंद व्हावा म्हणून मान खाली घालून निघून जाईल. मी ह्यांच्या हातातून फोन घेतला. आजवर नणंदेशी मी फोनवर 'हो' आणि 'बरं' यापलीकडे बोलले नव्हते.

"ताई, आमचा नकार कळवा."

"कोण? वहिनी? अहो, डोकं फिरलं का! कारण काय सांगू त्यांना?"

"कारण नका सांगू. नकार सांगा."

फोन कसा बंद करायचा ते सुचेना, तो मुलीने केला.

हे म्हणाले, "एका गोष्टीच्या पुस्तकावरून? तेही अमेरिकेतल्या?"

"त्याच्या आईचा चहा बघितलात का तुम्ही?"

"कसला चहा?"

त्यांनी खरंच पाहिला नव्हता. समोर बसूनही पाहिला नव्हता. त्याचा मला जास्त संताप आला. मी सांगितलं, तर म्हणाले, "एवढंच?" आणि खाली जाऊन बंद गिरणीचं शटर उघडून बसले. मुलगी माझ्याजवळ आली, माझा हात घट्ट धरून उभी राहिली.

नणंद अजून माझ्याशी बोलत नाही. दळण घेऊन आलेल्या कुणी विचारलं की हे सांगतात, "पत्रिका जुळली नाही." पत्रिका कुणी काढलीच नव्हती. मी वरून ऐकते. बायकोने नको म्हटलं, एवढं साधं वाक्य ह्यांच्या तोंडातून निघत नाही, आणि मला त्याचीही किळस येते. पण खाली जाऊन ते वाक्य चारचौघांत बोलायला मलाही अजून जमलेलं नाही.