कंटेनरचा पोटभाडेकरू

धम्मदीना इंदौरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. सकाळी अकरा वाजताच्या प्रॅक्टिकलसाठी सर्व्हरवर प्रत्येक मुलाला एक लिनक्स कंटेनर, म्हणजे वेगळी खोलीच म्हणा, द्यायचा होता. त्यात मुलांनी आपले छोटे कंटेनर चालवायचे होते. आतला काही केल्या सुरू होईना. परीक्षक उज्जैनहून निघालेही होते, आणि इथे घरी लॅपटॉपशेजारी तिचे पोहे निवत होते.

"काय अडलंय?" आईने, कौसल्याबाईंनी, विचारलं.

"समज, एका भाडेकरूला पोटभाडेकरू ठेवायचाय. खोलीत सगळी सोय केली, तरी तो येतच नाही."

"घरमालकाला विचारलं का?"

धम्मदीनाने लॅपटॉप पुढे ओढला. सकाळपासून ती कंटेनरच्या आतच खटपट करत होती. परवानगी द्यायची होती बाहेर, सर्व्हरवर. तिने ती दिली, कंटेनर बंद करून पुन्हा सुरू केला. आतलाही चालू झाला.

"हो गया, आई."

"मग जाता जाता आपल्या श्रीपादजींनाही विचार. मावशी उद्या महूहून राहायला येतेय दोन महिने. आठवडाभर सांगतेय तुला."

खाली घरमालक श्रीपादजी पेपर वाचत बसले होते. धम्मदीना चपला हातात घेऊन, पायांचा आवाज न करता जिना उतरली.