तारेतला आकडा

तार ऑफिसात वीस वर्षं काढलेल्या माणसाला किस्से आठवावे लागत नाहीत, आवरावे लागतात. सांगलीकडच्या आमच्या छोट्या ऑफिसात आम्ही तिघं. साहेब, मी आणि पलटणीच्या सिग्नलमधून रिटायर झालेला साताऱ्याचा शिंदे. शुभेच्छांच्या ठरलेल्या वाक्यांना नंबर असायचे. तारेवरून नुसता आकडा यायचा आणि आम्ही भिंतीवरचा तक्ता बघून पुरं वाक्य लिहायचं. आठ म्हणजे लग्नाच्या शुभेच्छा. पुढंपुढं हाताला अशी खोड लागली, की आकडा दिसला की वाक्य झालंच!

*

हळदीच्या एका व्यापाऱ्याला तार होती, 'आठ पोती पाठवा.' मी लिहिलं, 'सुखी वैवाहिक जीवनासाठी शुभेच्छा, पोती पाठवा.' व्यापारी पासष्टीचा, विधुर. कागद घेऊन खिडकीशी आला.

"मास्तर, पोती धाडतो. पन नवरी कोन, तेवढं सांगा."

*

साहेब लय तापले. "यापुढं आकड्याला हात लावायचा नाही."

शिंदे हुकमाचा पक्का. पुढच्याच आठवड्यात कवठे महांकाळच्या एका लग्नाच्या तारा त्यानं आल्या तशा दिल्या. मांडवात तारा लाउडस्पीकरवर वाचायची पद्धत. पाव्हणा वाचायला लागला, "आठ. आठ. आठ. आठ."

वरबाप म्हणाला, "गड्या, माईक लागलाय. आता तारा वाच की."

*

लढाई चालू होती. जवळच्या वाडीतली एक म्हातारी रोज खिडकीशी यायची. लेक आघाडीवर, दीड महिना पत्र नाही. तो जिता आहे का, एवढंच तिला हवं होतं.

एक दिवस तार आली. तिचा पत्ता, सहाचा आकडा, खाली लेकाचं नाव. बस्स. आमच्या तक्त्यात सहा म्हणजे बाळ झाल्याबद्दल अभिनंदन, आणि पोराचं तर लग्नही झालं नव्हतं.

साहेब म्हणाले, "पलटणीच्या आकड्यांची नवी यादी निघाली असेल, ती आपल्याकडं नाही. उलट तार करून विचारा. उत्तर येईपर्यंत तार इथंच राहू दे."

शिंदेनं सायकलची किल्ली उचलली. "साहेब, वाईट बातमी पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसच्या नावानं येती. ही पोरानं सोता केलीया. मी चाललो."

मीही मागं बसलो. म्हातारी दारात शेळी बांधत होती.

"आये, लेकाची तार हाय."

"कुनी धाडली?"

"त्यानंच."

"काय म्हंतोय?"

शिंदेनं तार तिच्या हातात दिली. "सहा म्हंतोय. म्हंजी काय, मला न्हाई ठावं."

म्हातारीनं कागद कपाळाला लावला.

"त्यानंच धाडलीया न्हवं? मग आनी काय वाचायचं ऱ्हायलं?"