आत्याच्या तीन सुना आणि गोचीड

गल्लीच्या टोकाला, सुताराच्या वखारीसमोर, आत्याचा गोठा होता. गोठा म्हणजे एक लांबट खोलीच. खाली दगडी फरशी, एका भिंतीला सिमेंटची गव्हाण आणि तिच्याशी बांधलेल्या तीन गाई: थोरली, मधली आणि धाकटी. आत्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून गल्ली त्यांना आत्याच्या सुना म्हणायची. आत्या म्हणायची, "सुना परवडल्या असत्या. त्यांचं शेण तरी काढावं लागलं नसतं."

टिचकी ही आत्याच्या भावाची मुलगी. आईवडील दोघंही कामावर, त्यामुळे शाळा सुटली की ती आत्याकडे. हे नाव आत्यानंच ठेवलेलं. पोरीचं बोलणं कानशिलावर टिचकी मारल्यासारखं लागायचं म्हणून. आज टिचकीच्या घरात दोन मुलं आहेत, पण दूध तापवताना कधीकधी तिच्या डोळ्यांपुढे गोठ्यातली दुपार उभी राहते. आत्या गोणपाट अंथरून थोरलीच्या पोटाशी बसलेली. शेजारी रॉकेलचं डबडं. बोटं गाईच्या कानामागून, मानेच्या वळ्यांतून, कासेच्या बेचक्यातून सावकाश फिरतायत. फुगलेला गोचीड हाताला लागला की अलगद उपटायचा आणि डबड्यात टाकायचा. आणि तोंडानं अखंड बडबड, तीही गाईशी.

"ऐकलंस का गं थोरले, शिंपीणबाईंनी नवीन पडदे लावलेत. खिडकी एवढीशी, आणि पडदा जमिनीवर लोळतोय."

थोरली डोळे मिटून रवंथ करायची. टिचकी अभ्यासाचं पुस्तक मांडीवर उघडं ठेवून आत्याचंच ऐकत बसायची.

टिचकी कॉलेजात गेली त्या वर्षी थोरलीनं चारा सोडला. अंग तापलेलं, खांद्यापुढची गाठ सुजलेली, पापणीच्या आतला रंग पांढराफटक. जनावरांचे डॉक्टर आले. जाडजूड, घामाघूम, कायम घाईत असलेले गृहस्थ. त्यांनी रक्त तपासायला घेतलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, "गोचीडताप."

"अहो, मी रोज वेचते!" आत्याला ते शब्द जिव्हारी लागले.

"वेचता ते फुगलेले. तिळाएवढे राहून जातात. आजारी गाईचं रक्त पिऊन गोचीड खाली पडतो, कुठेतरी फटीत बसून कात टाकतो आणि मग दुसरी गाय गाठतो. तिला चावला की पहिलीचं दुखणं तिच्या रक्तात."

"आणि या माशा, डास?" टिचकीनं विचारलं.

"त्यांची दुखणी निराळी, ती मोजत बसलो तर संध्याकाळ होईल. हा ताप गोचिडाचाच." त्यांनी धाकटीच्या पाठीवर हात ठेवला. ती संकरित जातीची, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. "हिला लागला तर ही आणि पोटातलं, दोन्ही हातची जातील. थोरलीला आजच्या आज बाजूला बांधा."

सुतारानं वखारीतला मोकळा कोपरा दिला. थोरलीला सुया सुरू झाल्या. इकडे गोठ्यात औषध फवारलं, भिंतीच्या भेगा चुन्यानं बुजवल्या, मधलीला आणि धाकटीला औषधाच्या पाण्यानं पुसून काढलं. सगळं डॉक्टर म्हणाले तसं. तरीही पुढच्या खेपेला डॉक्टरांनी धाकटीचा कान उलटा केला तर आत इवलेसे गोचीड!

"हे आले कुठून?" डॉक्टर वैतागले. "थोरलीकडून इकडे काय काय येतं? दावं? बादली?"

"काही नाही हो. बादलीसुद्धा वेगळी केली," आत्या म्हणाली आणि मधलीच्या धारेला बसायला तिनं गोणपाट अंथरलं.

डॉक्टर त्या गोणपाटाकडे बघत राहिले. "हे कुठे कुठे फिरतं?"

सकाळी वखारीत थोरलीला चुचकारत आत्या याच गोणपाटावर बसायची, आणि तिथून उठून तेच काखेत मारून धारेला यायची. तिच्या दृष्टीनं ती वस्तू नव्हतीच. ते तिचं बसणं होतं. डॉक्टरांनी काठीनं त्याची शिवण उसवली. धाग्यांच्या घडीत बारीक पाय हलत होते.

गोणपाट तिथल्या तिथे जाळलं. धाकटीचं रक्त पाठवलं, ते सुदैवानं स्वच्छ निघालं. पण डॉक्टरांनी बजावलं, "यापुढे थोरलीकडे जाणारं माणूस गोठ्यात येणार नाही, आणि गोठ्यातलं तिकडे जाणार नाही. कोण कुठे, ते ठरवा."

आत्या गव्हाणीला टेकून उभी राहिली. थोरली तिच्याखेरीज कुणाच्या हातचं खात नव्हती. इकडे धाकटी कधी विईल याचा नेम नव्हता, आणि ते टिचकीच्या आवाक्यातलं काम नव्हतं.

"इथं दोन जीव आहेत," शेवटी ती म्हणाली. "टिचके, थोरलीला तू बघ."

टिचकीनं बघितलं म्हणजे काय, तर हिरवा चारा घेऊन ती थोरलीसमोर ताटकळली. थोरलीनं मान वळवली. दुसऱ्या दिवशीही तेच. टिचकी रडकुंडीला येऊन वखारीच्या दारात आली आणि तिथूनच ओरडली, "आत्या, ही तोंड उघडत नाहीये गं!"

आत्या गोठ्याच्या उंबऱ्यात आली. मध्ये फक्त गल्ली. तिनं कमरेवर हात ठेवले आणि भर रस्त्यात आवाज लावला. "का गं थोरले? एवढा कसला तोरा? ऐक, शिंपीणबाईंचा पडदा काल सायकलीत अडकला!"

शिंपीणबाईंनी खिडकीतून डोकं काढलं. "आत्या, माझी अब्रू गाईपुढे कशाला काढता?"

"खात नाहीये हो ती. दोन दिवस सोसा."

आत थोरलीनं कान टवकारले. टिचकीनं गवताची काडी पुढे केली. थोरलीनं हुंगली, आणि ओढून घेतली.

मग रोज संध्याकाळी आत्या उंबऱ्यातून बोलायची आणि इकडे वखारीत थोरली खायची. गल्लीतले लोक आपल्या बातम्या आत्याला आणून द्यायला लागले. सुतारानं तर सासुरवाडीची सगळी भांडणं पुरवली. त्यातच एका सकाळी धाकटी व्यायली. कालवड झाली, ठणठणीत.

थोरलीचा ताप उतरला, रक्त भरलं. डॉक्टरांनी मोकळीक दिली त्या दिवशी आत्या आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून वखारीत गेली. दारातून हाक मारली. थोरलीनं एकदा बघितलं आणि पाठ फिरवून टिचकीच्या हातातला चारा ओढू लागली.

"रुसलीय गं," टिचकी म्हणाली.

"रुसू दे," आत्या म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांतलं पाणीही. तिनं रिकाम्या फरशीवरच बसकण मारली आणि थोरलीच्या पाठीला सांगायला सुरुवात केली, "कालवडीचे कान अगदी तुझ्यासारखे आहेत बरं का..."